गव्हाचा स्वभाव

बायको : अहो बाई, अर्धा तास झाला तुम्ही रांगेत उभ्या आहात. दळण कुठंय तुमचं?

प्राध्यापिका : दळण नाही आणलं मी.

बायको : मग गिरणीत काय हवा खायला आलात? काळा कोट बघा, पांढरा झाला तुमचा.

प्राध्यापिका : मला मालकांना भेटायचंय. त्यांनी एक लेख पाठवला होता. धान्य ओतताना मध्येच कधी अडकतं, त्याबद्दल. मी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवते.

बायको : अगं बाई! अहो, ऐकलंत का? पट्टा बंद करा! विद्यापीठ आलंय!

गिरणीवाला : काय आलंय?

बायको : विद्यापीठ! आणि कधीचं रांगेत उभं आहे बिचारं. हात पुसा आधी. शर्टाला नका पुसू!

गिरणीवाला : नमस्कार, नमस्कार. या, आत या. त्या पोत्यावर बसा, ते स्वच्छ आहे. लेख तुमच्यापर्यंत आला होय? मी तर मासिकाला पाठवला होता.

प्राध्यापिका : मासिकानं माझं मत मागवलंय. छापावा की नाकारावा. आज शेवटची तारीख आहे. त्यांची परवानगी काढून मुद्दाम आले.

गिरणीवाला : मुद्दाम आलात म्हणजे आवडला असणार.

प्राध्यापिका : तेच नीट बोलावं म्हणून आले. पहिल्यांदा मला सांगा, हा विषय तुम्हाला सुचला कुठून?

गिरणीवाला : सुचला कुठला, डोक्यावरच बसला होता. हे वर पत्र्याचं नरसाळं दिसतंय ना, हॉपर? याच्यातून धान्य खाली दगडात पडतं. टाकीतलं पाणी कसं, टाकी भरलेली असली की जोरात येतं, रिकामी होत आली की रडतं. गव्हाचं तसं नाही. वर दहा किलो असो की शंभर, खालची धार तेवढीच. त्याला काही पडलेलीच नाही. आणि मग एकदम, कुणी न सांगता, थांबतो. दाण्याला दाणा टेकतो, कमान होते, धार बंद.

बायको : आणि रांगेतली माणसं यांच्या नावानं बोटं मोडतात.

गिरणीवाला : मोडू देत. मी म्हटलं, हा थांबतो केव्हा ते तर बघू. कॉलेजात दोन वर्षं हाच विषय होता माझा. मग वडील आजारी पडले आणि गिरणी गळ्यात आली.

बायको : गळ्यात काय गळ्यात? तिच्यावरच घर चाललं.

गिरणीवाला : बरं, पदरात पडली. पण हिशोब सुटेना डोक्यातून. अकरा वर्षं मागच्या खोलीत मोजतोय, चार हजारांवर नोंदी आहेत. भोकाची रुंदी सांगा, दाण्याची जाडी सांगा, किती सेकंदांत अडकणार ते मी सांगतो.

प्राध्यापिका : आणि सूत्रात तो तिसरा आकडा. सव्वातीन. तो कुठून आला?

गिरणीवाला : तो... तो धान्याचा स्वभाव.

प्राध्यापिका : म्हणजे?

गिरणीवाला : म्हणजे तो घातल्याशिवाय जुळत नाही आणि घातला की दर वेळी जुळतं. का ते मला नाही सांगता आलं. माणसाचा स्वभाव तरी कुठं सांगता येतो?

प्राध्यापिका : आता माझं ऐका. आम्ही प्रयोगशाळेत तुमचा प्रयोग करून पाहिला. न हलणारं टेबल, कॅमेरा, चाळून घेतलेला गहू, सगळं तुम्ही लिहिलंय तसं. कधी तीन सेकंदांत अडकला, कधी नव्वद. शंभरात चार वेळा तुमचं उत्तर जुळलं.

गिरणीवाला : चार?

प्राध्यापिका : चार. आणि तुमचे आकडे इतके स्वच्छ आहेत, की...

बायको : की काय? थांबलात का? बोला.

प्राध्यापिका : की घरी बसून लिहिल्यासारखे वाटतात.

बायको : घरी बसून? घरी बसतो कुठं हा माणूस? लेकीच्या लग्नाच्या सकाळी आतल्या खोलीत गहू मोजत होता. मुहूर्ताला धरून आणला मी. खोटंच लिहायचं असतं तर अकरा वर्षं कशाला, एका दुपारचं काम होतं ते!

गिरणीवाला : अगं, तू थांब. बाई, तुम्ही बरोबर विचारलंत. मी तुमच्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. चला आतल्या खोलीत. तुमचं घड्याळ लावा, माझं नको.

बायको : मी इथंच दारात उभी राहते. एक डोळा रांगेवर, एक तुमच्यावर.

गिरणीवाला : हा माझा छोटा हॉपर. ही खालची झडप. आता या भोकात गहू विसाव्या सेकंदाला अडकणार. ओतला गहू... आणि ही झडप उघडली.

प्राध्यापिका : सतरा, अठरा, एकोणीस, वीस. अडकला.

गिरणीवाला : पुन्हा बघा.

प्राध्यापिका : ...एकोणीस, वीस. पुन्हा करा.

गिरणीवाला : तुम्हाला हवं तितक्या वेळा.

प्राध्यापिका : वीस. हे कसं शक्य आहे? सरका, मला करू द्या. गहू तोच, डबा तोच. ओतला. झडप उघडली.

गिरणीवाला : अठरा, एकोणीस, वीस... एकवीस... अहो, चाललाच आहे हा.

प्राध्यापिका : एकाहत्तरला थांबला. पुन्हा करते.

गिरणीवाला : सहा? सहालाच? काहीतरी चुकतंय तुमचं.

प्राध्यापिका : तुम्ही केलंत तसंच केलं मी. अगदी तसंच.

बायको : तसंच कुठं? चापट कुठं मारलीत?

प्राध्यापिका : कसली चापट?

गिरणीवाला : कसली चापट?

बायको : दोघंही मलाच विचारा! अहो, गहू ओतला की तुम्ही पत्र्यावर चापट मारता ना. उजव्या हाताची. मोठ्या हॉपरला मारता, छोट्याला मारता. झोपताना उशीलासुद्धा मारता.

गिरणीवाला : मी नाही मारत.

बायको : बरं, नाही मारत. ओता आता.

गिरणीवाला : ओततो की. हा गहू ओतला, आणि आता सरळ झड...

(पत्र्यावर चापटीचा आवाज.)

प्राध्यापिका : हे तुमच्या लेखात नाही.

गिरणीवाला : मला ठाऊकच नव्हतं हो. तीस वर्षं हात आपोआप जातोय. धान्य नीट बसावं म्हणून वडील मारायचे, त्यांचं बघून मी... अगं, तू आधी का नाही बोललीस?

बायको : मला काय माहीत, तुम्ही ते सोडून बाकीचं सगळं लिहिलंय म्हणून? मला वाटलं पहिल्या ओळीतच असेल.

प्राध्यापिका : काकू, तुम्ही मारता का एक?

बायको : मी? पिठाचे हात आहेत माझे.

प्राध्यापिका : चालतील. मी ओतते. मारा.

बायको : ही घ्या.

गिरणीवाला : एकोणतीस, तीस, एकतीस. अडकला. पुन्हा मार.

बायको : घ्या.

प्राध्यापिका : एकतीस.

बायको : आणखी मारू? मजा येतेय मला.

गिरणीवाला : एकतीस. हिच्या हाताला दर वेळी एकतीस, माझ्या हाताला वीस. म्हणजे तो सव्वातीन गव्हाचा नव्हेच. अरे देवा. गव्हाचा स्वभाव, गव्हाचा स्वभाव म्हणून अकरा वर्षं मी माझा हात मोजत बसलो होतो!

बायको : असू द्या हो. हात काही वाईट नाही तुमचा.

गिरणीवाला : चार हजार नोंदी, गं. सगळ्या त्या सव्वातीनवर उभ्या आहेत.

प्राध्यापिका : मला एक सांगा. चापट मारली नाही, तर आकडे असे वेडेवाकडे का येतात? आम्ही त्याला योगायोग म्हणतो आणि सरासरी काढून मोकळे होतो.

गिरणीवाला : योगायोग कसला? तुम्ही तो कसा ओतलात त्यावर आहे ते. डावीकडून ओतलात की मधोमध, डबा वाटेत कशाला आपटला का, पोतं गाडीतून हादरत आलं की कुणी खांद्यावरून आणलं. कुठला दाणा कुणाला टेकून बसलाय, त्यात हे सगळं असतंच की.

प्राध्यापिका : म्हणजे त्याच्यावर आधी काय काय गुजरलं, ते तो धरून ठेवतो.

गिरणीवाला : धरून ठेवतो. आणि चापट बसली की सोडून देतो. पाटी कोरी. मग पुढचं सगळं त्या चापटीवर.

प्राध्यापिका : थांबा, हे पुन्हा सांगा. हळू. मी लिहून घेते.

गिरणीवाला : अहो, साधं आहे. ढिगाला आठवतं. आणि किती आठवतं, ते मोजता येतं.

प्राध्यापिका : साधं नाही हो हे. आम्ही ढीग म्हटला की त्याचं वजन बघतो, उंची बघतो. तो ढीग होण्याआधी काय घडलं ते विचारायची पद्धतच नाही आमच्याकडे. असं मांडलेलं मी तरी कुठं वाचलेलं नाही.

गिरणीवाला : अगं, तो कागद दे. नाही, ती पिशवी दे, कोरी आहे ती. बघा बाई, सव्वातीन काढून टाकला. त्याच्या जागी चापट. एक चापट म्हणजे माझे वीस. मग दोन मारल्या तर... हे वर गेलं, हे खाली आलं... दोन मारल्या तर बारा यायला पाहिजेत.

प्राध्यापिका : दोन चापटींचा प्रयोग केलाय कधी?

गिरणीवाला : एकीचाच पत्ता नव्हता, दोन कुठून मारणार?

प्राध्यापिका : मग करा आता. माझ्या घड्याळावर. काकू, हे घ्या घड्याळ, तुम्ही मोजा.

बायको : ओता. मारा. हं, आणखी एक. उघडा! एक, दोन, तीन, चार... रांगेतले, गप बसा जरा! सात, आठ... दहा, अकरा...

प्राध्यापिका : बारा.

बायको : मी म्हणणार होते ते!

गिरणीवाला : बारा आले. आले की हो.

बायको : रडू नका. आता छापतील ना, बाई?

प्राध्यापिका : नाही. मी आज कळवणार आहे की लेख नाकारावा.

बायको : काय? आत्ता तर डोळ्यांनी बघितलंत! मी माझ्या हातानं चापटा मारल्या!

प्राध्यापिका : म्हणूनच नाकारायचा. लेखात लिहिलंय की तो आकडा धान्याचा आहे. तो धान्याचा नाही. चुकीचं कसं छापू देऊ, काकू? जे खरं आहे ते अजून लिहायचंय, आणि ते या लेखापेक्षा फार मोठं आहे.

गिरणीवाला : बरोबर बोलतायत त्या. मीही नाकारलाच असता.

बायको : तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?

प्राध्यापिका : गिरणीला सुट्टी कधी असते?

गिरणीवाला : गुरुवारी.

प्राध्यापिका : मग गुरुवारी मी कॅमेरा घेऊन येते. चापट किती जोरात बसली ते मोजायचं काहीतरी करून आणते. वह्या सगळ्या काढून ठेवा. आणि काका, एक विनंती आहे. त्या दिवशी हात धुऊन, खिशात घालून बसायचं.

गिरणीवाला : ते अवघड आहे, पण बसतो.

बायको : आणि तुम्ही हसताय काय एवढं? अकरा वर्षांचा लेख नापास करून चालल्यात त्या!

गिरणीवाला : अगं, अकरा वर्षांत मी ही वही मास्तरांना दाखवली, तुझ्या भावाला दाखवली, येईल त्याला दाखवली. सगळे म्हणाले, वा, छान आहे. आणि चहा पिऊन गेले.

बायको : मग?

गिरणीवाला : मग काय. इथं चुकलंय असं सांगायला आजवर कुणी आलंच नव्हतं.