मोबाइलमधली शेती

बोरिवलीला कणकवलीच्या गाडीची वाट बघताना अक्षताने कानातले हेडफोन काढले. शेजारच्या काका-पुतण्याचं बोलणं गाण्यांपेक्षा रंगात आलं होतं.

“प्रीतम, ह्या गेमात एवढा चांगला काय असा?”

“धाकूकाका, शेती आहे. रोज पाणी नाही दिलं की पीक सुकतं. म्हणून परत परत यावंसं वाटतं.”

“अरे वा. आणि शेजाऱ्यान बांध कोरल्यान तर?”

“शेजारी उलट मदत करतात.”

“म्हंजे मेहनत घेतल्यानी हां बनवणाऱ्यांनी. तुझ्या आजोबांका असली शेती गावली नाय.”

“काका, उद्या जमीन विकल्याच्या सह्या झाल्या की लगेच निघू ना?”

“रव की दोन दिवस. शेवटची बघून घे.”

“नको यार. तिकडे रेंज नसते. माझं भात सुकेल.”