मनगटाची कळ

(मांजलपूरमधला छोटा दवाखाना. नलिनी तपासायच्या खुर्चीत बसली आहे. शेजारी तिची सून उत्कर्षा, कडेवर नातू हेरंब. समोर गुजराती डॉक्टर स्नेहल.)

डॉ. स्नेहल: अंगठा आत घेऊन मूठ मिटा, मासी. आता मनगट करंगळीकडे झुकवा. हळूच.

नलिनी: आई गं... पार कोपरापर्यंत कळ गेली. हाड तर मोडलं नाही ना?

उत्कर्षा: हाड मोडलं असतं तर पातेलं उचलता आलं असतं का, आई?

नलिनी: हे काय बोलणं झालं?

उत्कर्षा: तुमचंच आहे. माझ्या हातून दूध सांडलं, तेव्हा म्हणाला होतात. तुमच्या मुलाच्या, आशयच्या देखत.

डॉ. स्नेहल: कुठे पडलात? मार लागला? बोटांना मुंग्या येतात?

नलिनी: काहीच नाही. आपोआप दुखायला लागलं.

डॉ. स्नेहल: मग फोटो काढायची गरज नाही. अंगठा हलवणाऱ्या दोऱ्या मनगटापाशी ज्या नळीतून जातात ना, ती सुजली आहे. उत्कर्षाबेनना झालं होतं तेच.

नलिनी: तिला? तिला तर कामाचा...

उत्कर्षा: बोला ना, आई. कंटाळा. डॉक्टरांसमोर बोला.

नलिनी: तसं नव्हे गं. जो ने, बघ ना... डॉक्टर, हिला तुम्ही मनगटाचा पट्टा दिला होता...

उत्कर्षा: तो तुम्ही माळ्यावर टाकलात. बाळाला टोचतो म्हणून. उष्टावणाच्या पुरणपोळ्यांची कणीक मी त्याच हाताने तिंबली, आणि तुम्ही मावशींना सांगत होतात, आजकालच्या मुलींची नाटकं फार.

डॉ. स्नेहल: यांनाही पट्टा लागेल. अंगठा हलता कामा नये. बर्फाने शेका, तेल लावून रगडू नका. गोळ्या जेवल्यावरच घ्या. नाही उतरलं तर इंजेक्शनचं बघू. मासी, बाळाला उचलता कसं?

नलिनी: काखेत हात घालून. सगळे तसंच उचलतात. ही ऑफिसला गेली की दिवसभर तो माझ्याकडेच.

डॉ. स्नेहल: तिथेच चुकतं. सगळा भार अंगठ्यांवर येतो. एक तळहात बुडाखाली, दुसरा पाठीला, आणि छातीशी घ्यायचं. उत्कर्षाबेन, तुम्हाला करून दाखवलं होतं की. घरी सांगितलं नाहीत?

उत्कर्षा: विसरले.

नलिनी: तू? वरण गाळून घ्या, पंखा दोनवर ठेवा, खिडकीपाशी नेऊ नका. दार लागेपर्यंत तुझं चालू असतं. तू विसरलीस?

उत्कर्षा: नाही विसरले.

डॉ. स्नेहल: उत्कर्षाबेन...

उत्कर्षा: दुखतं, एवढं यांच्या तोंडून ऐकायचं होतं मला.

नलिनी: ऐकलंस?

उत्कर्षा: ऐकलं.

नलिनी: झालं समाधान?

उत्कर्षा: थोडंसं.

नलिनी: आणि माझ्या हातून हा निसटला असता तर? त्याला शिंक आली तरी धावतेस तू. हे नाही सुचलं?

(उत्कर्षा हेरंबला छातीशी आवळते.)

नलिनी: आता का घट्ट धरतेस त्याला? रडवशील.

डॉ. स्नेहल: बरं, पट्टा खाली मेडिकलमध्ये मिळेल.

उत्कर्षा: नको. माझाच आहे. पर्समध्ये.

नलिनी: माळ्यावरून कधी काढलास?

उत्कर्षा: तुम्ही पहिल्यांदा कळ येऊन हात झटकलात, त्या दिवशी.