पहिल्या पुस्तकावरलं कुंकू

मी मूळचा पडेगावचा, कुणब्याचा पोर. निजामाच्या राज्यात थोरल्या भावाला शाळेत उर्दू घोकावी लागली, मराठी गोष्टीचं पुस्तक आमच्या घरात कुणी पाह्यलंच नव्हतं. मग पोलीस ॲक्शन झाली अन् मागून गावात एक मास्तर आले, त्यांनी वर्गात, लोक गोष्टीवाले अण्णा म्हणायचे त्या लेखकाचं पहिलं पुस्तक वाचून दाखवलं. काय सांगू तुम्हाला, त्यातली जनावरं आमच्यावानीच बांधावरून भांडायची, हसून हसून पोट दुखलं माझं. मास्तरांची बदली झाली तवा ते पुस्तक मलाच देऊन गेले, म्हणले, ठेव बाबा, तुझ्यावाचून त्याला करमायचं नाय.

तवा जो लागलो तो लागलोच. पुढं मीही शहरात येऊन मास्तर झालो, अन् अण्णांची पुस्तकं, आवृत्त्या, मासिकातल्या गोष्टी, दिसंल ते गोळा करीत गेलो. क्रांती चौकातला रद्दीवाला लांबून हाक मारायचा, मास्तर, तुमारे अण्णा आये, की मी चाललेलं काम टाकून पळायचो. अण्णांवर ग्रंथ लिहिला, मग लांबलांबची माणसं पत्ता काढत छावणीतल्या आमच्या दोन खोल्यांत यायला लागली. आमची मंडळी, सुमन, चहा करून करून वैतागायची, म्हणायची, एवढा जीव माझ्यावर लावला असता तर मी सोन्याची झाले असते.

तिचं एकच होतं बघा. दसऱ्याला पाटावर विळा मांडायची, कात्री मांडायची, शिलाई मशीनला झेंडूची माळ घालायची, अन् मास्तरांनी दिलेलं ते पहिलं पुस्तक मधोमध ठेवून कव्हरावर कुंकवाचं बोट टेकवायची. मी ओरडायचो, अगं बाई, याची दुसरी प्रत कुठंच नाय, डाग पडतो. ती म्हणायची, पडू द्या की, विळ्याला लावते, मशीनला लावते, अन् ज्यानं तुम्हाला माणसात आणलं त्याला कोरडं ठेवू व्हय? दरसाली हेच भांडण अन् दरसाली एक बोट.

मागल्या चैतात ती गेली. सकाळी पाणी भरलं, दुपारी छातीत कळ आली, दवाखान्यात नेईस्तोवर खेळ खल्लास. घर खायला उठतं हो आता.

मग एका मोठ्या ग्रंथालयातल्या बाई आल्या, लई गोड बोलल्या. म्हणल्या, सर, सगळा संग्रह आम्ही नेतो, वेगळी खोली देतो, मुलं येऊन वाचतील. जन्मभर मी हेच तर मागत होतो. अन् मग पहिलं पुस्तक हातात घेऊन म्हणल्या, हे डाग औषधानं निघतील, अगदी नव्यासारखं करू. मी म्हणलं, डाग राहू द्या. त्या म्हणल्या, कागद टिकायचा नाही सर. मी म्हणलं, मग एवढं सोडून बाकी न्या. त्या म्हणल्या, पहिलंच पुस्तक नसेल तर संग्रह कसला? खरं बोलल्या, दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. तरी नाय दिलं, अन् बाई रिकाम्या हातानं गेल्या. माझ्यामागं कपाटातल्या पुस्तकांना कसर खाणार, ठाऊक हाय मला.

या दसऱ्याला मीच पाट मांडला. पुस्तक ठेवलं, कुंकवात बोट बुडवलं, अन् हात तसाच राहिला. कव्हरावर समदीकडं तीच होती. माझं टेकवलं असतं तर तिचं एखादं झाकलं असतं. ते बोट मग मी विळ्याला लावलं.

चालायचंच. चहा घ्या, माझ्या हातचा हाय, गोड मानून घ्या. अन् घरी पोरं असली तर त्यांना गोष्टी वाचून दाखवा, हात मळके असले तरी धरू द्या पुस्तक. सुखी राहा.