ब्रेकच्या कानाला लागलेलं कुंकू

जबाब

नाव – धुळा तात्याबा मेटकरी, वय ५१ वर्षे, धंदा – वेल्डिंग, रा. उंब्रज, ता. कराड, जि. सातारा. मूळ गाव आटपाडी तालुक्यात, जि. सांगली.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी तानुबाईसह राहतो. आम्हाला मूलबाळ नाही. हायवेच्या सर्व्हिस रोडला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. वर धंदा वेल्डिंग लिहिलाय, तो तूर्त राहू द्यावा. पुढचं ऐकून जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस मॅडमनी काय ते ठरवावं.

माझ्याविरुद्ध निवृत्त सुभेदार हंबीरराव यादव यांनी सायकल चोरून नेल्याची तक्रार दिली आहे. तक्रार खरी आहे. सायकल मी नेली, आणि सगळ्या गावादेखत नेली. लांब नेता आली नाही, ही गोष्ट वेगळी.

सदर सायकल ट्रायल्सची आहे. म्हणजे रस्त्यानं फिरायची नव्हे, एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उड्या मारायची. पाय टेकला की दंड बसतो. तिला सीट नसते. सुभेदारांची नात संयोगिता, वय १९, हा खेळ खेळते. बाजारातली सायकल तिच्या उंचीला बसेना, म्हणून फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा दोन पायांचा फोर्क मी बनवून दिला. फोर्कच्या एका पायाला, चाकाच्या आसाजवळ, ब्रेक धरून ठेवणारा पोलादी तुकडा जोडावा लागतो. आम्ही त्याला कान म्हणतो. पोरगी ब्रेक दाबून नुसत्या पुढच्या चाकावर उभी राहते, तेव्हा तिचा सगळा भार त्या कानावर येतो. तो कान मी जोडला.

त्या जोडाबद्दल मी काय काय बोललो ते साक्षीदार सांगणारच आहेत, त्यापेक्षा मीच सांगतो. "हत्ती बांधा, कान हलायचा न्हाई," असं मी चहाच्या टपरीवर बोललो. जोड चारचौघांना दिसावा म्हणून तेवढ्या जागेला रंग लावला नाही. फोटो काढून पाहुण्यारावळ्यांना पाठवले. साडूनं उत्तराला नुसता अंगठा पाठवला, तर एवढ्या कामाला फक्त अंगठा काय, म्हणून मी त्याच्याशी अजून बोललेलो नाही.

आज रविवारी सकाळी डोंगराकडच्या बंद दगडखाणीत निवड स्पर्धा होती. इथं निवडलेल्यांतूनच राज्याचा संघ होणार होता आणि संयोगिता त्यासाठीच राबत होती. सुरुवातीआधी तिच्या आजी साळूबाई यांनी सायकलची पूजा केली. हळद, कुंकू, हँडलला हार, चाकाखाली लिंबू. मग नारळ घेतला. खाणीत दगडांना तोटा नव्हता, पण आजींनी नारळ नेमका ब्रेकच्या कानावर आपटला. मी "आवं आजी, आवं!" म्हणेपर्यंत फुटलासुद्धा. लोक हसले. मीही हसलो, आणि वर म्हणालो, "बघा, नारळ फुटला, पण कान हाय तितंच हाय."

मग मी गळ्यातल्या टॉवेलनं नारळाचं पाणी आणि कुंकू पुसून काढलं. सगळं निघालं. कानाच्या बुडाशी केसाएवढी लाल रेघ तेवढी निघेना. थुंकी लावून पुसलं, तरी तिथंच. पूर्वी मी कारखान्यात कामाला होतो, तिथं जोड तपासायला असाच लाल रंग लावायचा, पुसायचा आणि वर पांढरी पूड मारायची. चीर असली की लाल रेघ पुडीतून वर येते. खाणीत मैदान आखायची फक्की पडली होती. चिमूटभर घेऊन दाबली. रेघ वर आली.

चीर कशानं पडली ते मला तिथंच कळलं. शनिवारी अमावास्या होती. अमावास्येला नवी वस्तू घरात घ्यायची नाही, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत सायकल पाहिजे, असा आजींचा निरोप होता. कान जोडला तेव्हा उन्हं उतरली होती. असा जोड सावकाश गार होऊ द्यायचा असतो. मी त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. चर्र झालं. हेच केलं म्हणून मी आजवर कितीतरी कामगारांना आईबापावरून शिव्या घातल्या आहेत. पाणी तानुबाईनं मला प्यायला पाठवलं होतं.

आता मी तोंड उघडून "संयोगिता, थांब, कानाला चीर हाय" एवढंच म्हणायचं होतं. समोर सगळा गाव उभा, आणि ती हत्तीची बडबड माझीच. तोंड उघडलं, पण "एक मिनिट" एवढंच बाहेर आलं. आणि मी सायकल घेऊन पळालो. अक्कल गहाण पडणं म्हणतात ते हेच असावं.

ट्रायल्सच्या सायकलवरून पळून जाता येत नाही, हे ती स्वतः बनवणाऱ्या माणसाला माहीत पाहिजे होतं. बसायला सीट नाही. गिअर इतका हलका की पाय चरख्यासारखे फिरतात आणि सायकल जागची हलत नाही. हँडलला हार तसाच होता. सुभेदार, वय ७४, एक गुडघा बदललेला, माझ्या शेजारून चालत आले आणि म्हणाले, "धुळा, कुठं चाललास रं?" मी म्हणालो, "आलोच सुभेदार, लघवीला." ते म्हणाले, "सायकल घेऊन?" मी पाय आणखी जोरात मारले.

पुढं उतार लागला. ब्रेक दाबायची छाती झाली नाही, कारण तो कुणी जोडलाय ते मला ठाऊक होतं. मी सायकलसकट खालच्या उसात शिरलो. तिथं पडल्या पडल्या भोंग्यावर संयोगिताचं नाव पुकारलेलं ऐकलं. परत पुकारलं. मग दुसऱ्याच पोरीचं नाव आलं. तेव्हा मी तिथंच पडून रडलो. हे लिहू नका म्हणालो, पण मॅडमनी लिहिलं.

लोकांनी मला सायकलसकट इथं पोलीस ठाण्यात आणलं. सुभेदार म्हणाले, "कुणी फितवलं तुला? दुसऱ्या पोरीच्या बापानं?" चोर म्हटलेलं मी ऐकून घेतलं असतं, पण हे सोसवेना. मी म्हणालो, "आवं, कानाला चीर हाय." तर ते म्हणाले, "खोटं बोलू नकोस. तुझा जोड मोडत न्हाई, तूच सांगत फिरत हुतास की लेका." माझंच बोलणं त्यांनी माझ्या घशात घातलं.

संयोगिता तोवर बाकावर बसून होती. ती उठली, सायकल उचलून ठाण्याच्या अंगणात गेली आणि वर चढली. मी आडवा आलो. "नको गं पोरी, पडशील!" ती म्हणाली, "मग धरा." तिनं ब्रेक दाबून मागचं चाक उचललं. टक् झालं. कान तुटून ब्रेकसकट लोंबकळला आणि ती पुढं माझ्या अंगावर आली. मी धरली. तिला लागलं नाही. माझा जोड मोडला म्हणून माझ्या जिवात जीव आला, असं जन्मात पहिल्यांदा झालं.

साळूबाई रडायला लागल्या. "माझ्या नारळानं केलं का रं धुळा हे?" मॅडम, खरं सांगतो, वाट मोकळी होती. नुसतं गप्प राहिलो असतो तरी नारळावर भागलं असतं आणि हत्तीही वाचला असता. पण म्हातारी लय रडत होती. मी म्हणालो, "न्हाई आजी. नारळानं दाखवलं. केलं माझ्या तांब्यानं." आणि सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता पोरगी म्हणंल, काका, तुमच्यामुळं वाचले. ती म्हणाली, "काका, आमच्या जीपमध्ये बाजारातल्या सायकलचा जुना फोर्क हुता. तुमी नुसतं बोलला असता तर तो बदलून मी खेळले असते."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जुना फोर्क जीपमध्ये मीच ठेवला होता.

सुभेदारांनी चोरीची तक्रार मागं घेतो असं सांगितलं आहे. संयोगिताची संधी कुणाला मागं आणता येणार नाही. त्याबद्दल कलम असेल तर लावावं, माझी ना नाही.

हा जबाब मॅडमनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. इतक्या मोठ्यानं गरज नव्हती, दारातला चहावाला हसत होता. सगळं मी बोललो तसंच आहे. वाचताना धंद्याच्या ओळीवर मॅडम थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, खोडा. तेव्हा बाकावरून संयोगिता म्हणाली, "खोडू नका. नवा कान त्यांनीच जोडायचाय. तांब्या तेवढा मी धरून बसणार." म्हणून ती ओळ खोडलेली नाही.

सही – धुळा तात्याबा मेटकरी