बेबीताई सही करणार नाहीत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी मंडळाचा गाडा वीस वर्षं ओढणारे आदरणीय शेषरावजी, प्रमुख पाहुणे आणि खुर्सीपारमधल्या आमच्या वॉर्डाचे पार्षद श्री. राजकुमारजी, त्यांच्या सौभाग्यवती दिपालीताई, अगदी कडेच्या खुर्चीवर पदर सावरून बसलेल्या सत्कारमूर्ती बेबीताई, आणि सेक्टर सहापासून नंदिनी नगरपर्यंत कुठून कुठून वेळ काढून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

एकतीस वर्षं अंगणवाडी चालवून बेबीताई गेल्या आठवड्यात निवृत्त झाल्या. मला सांगण्यात आलं आहे, ‘मॅडम, दहा मिनिटं बोला, पण गोड बोला.’ बोलते. आमच्या गल्ल्यांतल्या दोन पिढ्यांनी पहिली खिचडी बेबीताईंच्या हातची खाल्ली. शेषरावजींचे दोन्ही मुलगे वजनकाट्यावर बसायला तयार नसत, तेव्हा ही बाई स्वतः त्यावर बसून दाखवायची. अशा माणसाचा सत्कार करायला मला बोलावलंत, हा माझाच सन्मान आहे.

गोड बोलून झालं. आता त्या कागदाबद्दल बोलू.

समोर शाल-श्रीफळाचं ताट आहे. त्याच्याखाली टाइप केलेला एक कागद आहे. त्यात लिहिलं आहे, ‘तो हळदीकुंकवाचा घरगुती कार्यक्रम होता. माझा गैरसमज झाला. मी दिलेला जबाब मागे घेते आणि क्षमा मागते.’ शाल अंगावर पडली की बेबीताईंनी त्यावर सही करायची, असं ठरलं आहे. सही झाली तर पार्षद निधीतून या सभागृहापुढच्या अंगणात शेड उभी राहील. नाही झाली तर बेबीताईंच्या मुलीच्या, स्नेहलच्या लग्नाला हे सभागृह मिळणार नाही. आणि सहीसाठी बेबीताईंचं मन वळवायचं काम कोणाकडे? माझ्याकडे. शेषरावजी, घड्याळ दाखवू नका, मला दिसतंय ते.

बाहेरून आलेल्यांना सगळं सांगायला हवं. गेल्या वर्षी आमच्या वॉर्डात पार्षदाच्या, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेवकाच्या, जागेसाठी पोटनिवडणूक झाली. त्याच्या तोंडावर, संक्रांतीनंतर, राजकुमारजी उमेदवार असताना त्यांच्या घरी हळदीकुंकू झालं. आता वाण म्हणजे काय असतं, हे या सभागृहातल्या बायकांना मी का सांगावं? चहाची गाळणी, प्लास्टिकची डबी, फार झालं तर स्टीलची वाटी. त्या दिवशी वाण होतं पाच लिटरचा कुकर. झाकण उघडलं की आत तिळगुळाची पुडी आणि आपल्या नावाची मतदानाची पर्ची. कुंकू लावून दिपालीताई प्रत्येकीचा हात धरून म्हणत होत्या, ‘बहिणी, लक्षात ठेव हं.’

पण त्या दिवशीची खरी नवलाई वेगळीच होती. विधवा बायकांनाही बोलावणं होतं!

बेबीताईंचे यजमान हेमराजभाऊ गेले तेव्हा स्नेहल दोन वर्षांची होती. त्यानंतर तेवीस वर्षं बेबीताईंना या मंडळाच्या एकाही हळदीकुंकवाला बोलावणं गेलं नाही. यादी कोण करायचं? मी. अठरा वर्षं महिला शाखेची सचिव मी होते. समतेवरची पुस्तकं वाचणारी, त्यावर शाळाशाळांतून भाषणं देणारी. बेबीताईंचं नाव लिहू नका असं मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावंच लागलं नाही. आणि उमेदवाराच्या घरून मात्र आमंत्रण गेलं, कारण ते मतदार यादी पाहून गेलं. त्या यादीत नवऱ्याचं नाव असतं, तो जिवंत आहे की नाही हे नसतं.

दिपालीताईंनी कुंकवाचं बोट पुढे केलं. बेबीताई म्हणाल्या, ‘तेवीस वर्सं मले कोणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाई, बाई. आज कावून बलावून राहिले? वोट हाये मनून?’

दिपालीताई म्हणाल्या, ‘वाण आहे हो, वाणाला नाही म्हणू नये.’

‘याले मी वाण नाई मनत.’ कुकर त्यांनी जमिनीवर ठेवला. तिळगूळ मात्र घेतला, तिथेच तोंडात टाकला आणि निघाल्या.

बाकी एक्कावन्न जणींनी कुकर घेतला. एक माझ्या घरी आहे. मला पेन्शन आहे, घरात दोन कुकर आधीच होते. गरीब माणूस विकला जातो असं मोठ्या आवाजात सांगणाऱ्यांनो, ऐका. बेबीताईंच्या कुकरची शिटी गेलेली होती, त्या झाकणावर वरवंटा ठेवून डाळ शिजवायच्या. ज्यांना गरज होती त्यांनी नाकारला, आणि जिला नव्हती तिने पिशवीत घालून आणला.

तो घेताना मथुराबाईंनी मला समजावलं होतं. मथुराबाई, मागे लपू नका, सगळे ओळखतात तुम्हाला. त्या म्हणाल्या, ‘घ्या नं मॅडम! कुकर त्यायचा, वोट आपलं. मशीनमंदी कोण पाह्यते?’ मला तेव्हा ते पटलं. आजही बऱ्याच जणांना पटत असेल. घ्यावं सगळ्यांकडून आणि मत द्यावं आपल्या मनानं. यात फसला तर देणाराच फसला ना?

मग एप्रिल आला. आमच्या गल्लीचा नळ एकोणीस दिवस कोरडा. आम्ही चाळीस बायका पार्षद कार्यालयात गेलो. राजकुमारजींनी चहा मागवला, हसले, आणि एवढंच विचारलं, ‘क्यों बहनों, कुकर ठीक चल रहा है न?’

चाळीस बायका, आणि एकीच्या तोंडून शब्द नाही! मी चाळीस वर्षं माइकसमोर उभी राहते आहे, पण त्या दिवशी चहाच्या कपात बघत बसले. मत कोणाला दिलं हे यंत्राशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. पण मिंधेपणाला मतपेटी लागत नाही, ते तोंडावर दिसतं. देणाऱ्याला आपलं एका दिवसाचं मत मिळालं तर बरंच. त्याला हवी असते आपली पुढची गप्प राहिलेली वर्षं. ती आम्ही त्याला पाच लिटरमध्ये दिली होती.

मागून आवाज आला, ‘माह्याकडं नाई भाऊ तुमचा कुकर. आता सांगा, नळ कधी येते?’

चौथ्या दिवशी नळ आला. राजकुमारजी, तुम्ही ते काम केलंत, हे मी नाकारत नाही. तुम्ही दुष्ट माणूसही नाही. पण आम्हाला आमचंच पाणी मागताना लाज वाटावी, अशी व्यवस्था तुम्ही केलीत आणि आम्ही ती हात पुढे करून घरी नेली.

पुढे कोणीतरी तक्रार केली आणि चौकशी लागली. बावन्न जणींना विचारण्यात आलं. एकट्या बेबीताईंनी पाहिलं ते सांगितलं. मी काय सांगितलं? ‘मला आठवत नाही.’ घेणाऱ्यालाही कायदा सोडत नाही, हे मी वाचलेलं होतं. म्हणूनच आठवत नव्हतं.

परवा हा कागद पिशवीत घेऊन मी बेबीताईंकडे गेले. त्या कणीक मळत होत्या. मला कागद काढवेना. म्हणून म्हटलं, ‘येत्या संक्रांतीला यादीत पहिलं नाव तुमचं लिहायला लावते.’

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. ‘आता कायले, मॅडम? मले कुंकवाची हौस नाई राहिली. तुमाले माह्यासाठी काई करायचंच असन, तर जे पाह्यलं ते बोला.’

बोलते आहे, बेबीताई.

राजकुमारजी, बसा. आपण प्रमुख पाहुणे आहात, समारंभ संपेपर्यंत तरी बसा. शेषरावजी, बेबीताई सही करणार नाहीत. शेड नाही झाली तर अंगणात आपण उन्हात बसू; हे मंडळ आपल्या आईबापांनी झाडाखाली सतरंजी अंथरून सुरू केलं होतं. स्नेहलचं लग्न माझ्या गल्लीत होईल, मांडव माझ्या दारापासून सुरू होईल, आणि या सभागृहातल्या प्रत्येकाला त्याचं आमंत्रण मी आत्ता देते. उद्या सकाळी चौकशी अधिकाऱ्यांकडे मी जाणार आहे. मला सगळं आठवलं आहे. कुकर सोबत नेणार आहे. मथुराबाई, रिक्षात अजून दोघींची जागा आहे.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण खुर्च्या न वाजवता ऐकलंत, आपले आभार. दहा मिनिटांची वीस झाली, कोणाचं जेवण थंड झालं असेल, त्याबद्दल क्षमा असावी. बेबीताई, अठरा वर्षांच्या त्या यादीबद्दल आणि ‘आठवत नाही’ या दोन शब्दांबद्दल तुमची भर सभेत क्षमा मागते. बाकी जे बोलले तो माझा जबाब आहे. तो मी मागे घेत नाही.