बाप्तिस्तचा सापळा

नाही, मदत नकोय. बसलोय मी. ओढ्यात बसायला बंदी आहे का? वितळलेल्या बर्फाचं पाणी गुडघ्यांना बरं असतं. तू सेंट लुईसहून आलेला दिसतोस, आपलं खेचर घे आणि पुढं जा. काय? पायाशी साखळी दिसते? दिसणारच. सापळ्याला साखळी असते, साखळीला खुंटा असतो. तीस वर्षं कातड्यासाठी ओढ्यातले बीव्हर धरतोय, मला शिकवू नकोस.

हो, पाय सापळ्यात आहे. पण सापळा माझा नाही, दुसऱ्या शिकाऱ्याचा, बाप्तिस्त लादुसरचा — म्हणून तर हात लावू नकोस म्हणतो. दोन्ही स्प्रिंगा दाबल्या की जबडा उघडतो, मलाही येतं ते. पण या डोंगरात दुसऱ्याच्या सापळ्याला हात लावायचा नाही. लावला तर उन्हाळ्यात शिकारी कातडी विकायला जमतात त्या मेळाव्यात सगळ्यांसमोर बीव्हरसारखं रांगायचं, मागं चामड्याची शेपटी बांधून. नियम कुणी केला? मी. ईनस टॅकेटनं. गेल्या साली बाप्तिस्तनं माझ्या सापळ्यातला बीव्हर काढला — पुरात वाहून जाईल म्हणून काढला म्हणे, आणून माझ्याच तंबूपुढं ठेवला — ते असो. नियम म्हणजे नियम. रांगला तो. शेपटी मी बांधली.

मग मी इथं कसा? वासानं. काठावर काडी रोवलेली असते, टोकाला बीव्हरच्याच शेपटीखालच्या वासाच्या पिशवीतला अर्क. बीव्हर हुंगायला नाक वर करतो आणि पाय खाली पाण्यातल्या सापळ्यात पडतो. बाप्तिस्त त्या अर्कात काहीतरी घालतो. सगळे बीव्हर त्याच्याकडे जातात. सात वर्षं विचार करतोय मी. दालचिनी नाही. जायफळ आहे, पण त्याच्या मागून आणखी काहीतरी येतं — म्हणून जरा जवळ गेलो. नाक वर केलं. एवढंच. यात हात कुठं आला? पाय आला. नियमात पाय नाही.

चामडी जोडा जाड आहे, हाड शाबूत आहे. बोटं सकाळपासून माझी वाटत नाहीत, पण बोटांचं काय एवढं. मेळाव्यात मी रांगणार नाही, कळलं? तू साक्षीदार. ते बघ, वळणावर बाप्तिस्तचं कुत्रं आलं, मागोमाग तो येईलच. त्याला सांगायचं, म्हाताऱ्याचे दोन्ही हात मोकळे होते, मी डोळ्यांनी पाहिलं.

काय? उजव्या हातात?

काडी आहे. आमिषाची. पडताना उपटली गेली. काडी म्हणजे काही सापळा नव्हे — नव्हे ना? बोल की. बरं, मग तू धर ही. घटकाभर. आणि हुंगून सांग, लवंग आहे का. धर म्हणतो ना, तो आला.

नाही धरत? मग नीघ इथून. आणि मेळाव्याला येऊ नकोस.