यादीतून काढलेली नावं

कॅनडातल्या लव्हालमधल्या खासदारबाईंच्या ऑफिसात कृतिका आपली फाईल परत न्यायला आली होती. टोपी कानापर्यंत ओढलेली. समोर एक म्हातारं मराठी जोडपं येऊन टेकलं.

"हळू बोला, ती पोरगी ऐकतेय."

"ऐकू दे! मेक्सिकन दिसते. तिला काय कळतंय?"

"आपलं अभिनंदनपत्र मिळेल ना आज?"

"न मिळायला काय झालं? लग्नाला पन्नास वर्षं झाली की देतातच. बाईंची सही असते."

"बाई चिलीच्या ना?"

"आईबाप तिकडचे. म्हणून तर त्या स्पॅनिश बोलणाऱ्या शेतमजुरांसाठी एवढी धडपड. यादी घेऊन थेट मंत्र्यांकडे गेल्या. सगळ्यांची इथे राहायची परमिटं वाढवून आणली."

"त्या यादीत आपली कॉलेजची पोरंही होती म्हणे."

"होती. आपल्या मराठी मंडळाच्या लेटरहेडवर पत्र देऊन मीच नावं काढायला लावली."

"अहो, का?"

"टोमॅटो तोडणाऱ्यांच्या पंगतीत आपली पोरं? आपण इंजिनियर म्हणून आलो इथे!"

"पोरांना विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? आपलीच तर पोरं."

"मादमोआझेल कृतिका पेंढारकर?" काउंटरवरून हाक आली.

कृतिका उठली, फाईल घेतली आणि जाता जाता त्यांच्यापुढे थांबली.

"पन्नास वर्षांबद्दल अभिनंदन, काका. त्या यादीत माझंही नाव होतं. शुक्रवारी परत चाललेय, कायमची."

म्हातारीने डोळे मिटून घेतले. काका मात्र उखडले.

"अगं, मराठी आहेस तर आधी बोलायचं नाही का?"